थोरलीच्या सूपची बिअर

बाटली हातात घेतली आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेबलावर तिच्या सासूबाई हसत होत्या, आणि फोटोखाली ठसठशीत अक्षरात छापलं होतं: ‘आईच्या हातचं टोमॅटो सूप, आता बिअरमध्ये!’

आईच्या हातचं! ज्या बाईला दूध उतू न घालवता तापवता येत नाही, तिच्या हातचं! ते सूप थोरलीचं होतं. टोमॅटो भट्टीत भाजायचे, कांदा पार काळा होईस्तोवर जाळायचा आणि करपला म्हणून फेकायचा नाही, ही सगळी अक्कल तिची. ती इस्पितळाचं कॅन्टीन चालवायची. तिथे मोठमोठे सर्जन डोक्यावरची हिरवी टोपी न काढता त्या सूपसाठी रांगेत उभे राहायचे. हिवाळाभर धाकटा दीर तिच्या ओट्याशी घुटमळत होता. “वहिनी, कांदा अजून किती जाळायचा गं?” तिला वाटलं होतं, चला, याला घरकामाची गोडी लागली.

दिराने जुन्या मोटार गॅरेजात बिअरचा छोटा कारखाना थाटला होता. स्टीलच्या टाक्या, माल्टची पोती आणि कायम ओली फरशी. आज दुपारी नव्या बिअरची पहिली चव घ्यायला पाहुणे बाकांवर दाटीवाटीने बसले होते, आणि मधोमध सासूबाई. लोक येऊन त्यांचे हात हातात घेत होते. “छे हो, त्यात काय एवढं,” असं त्या लाजून म्हणत होत्या. लग्न होऊन आल्यापासून थोरलीच्या सूपला त्यांनी एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. पातळ झालं, आंबट झालं, मीठ पुढे आलं, काही ना काही असायचंच. आणि आता त्याच सूपचं कौतुक खुशाल पदरात पाडून घेत होत्या.

“जाऊ दे ना,” नवरा हळूच म्हणाला. “म्हातारपणी आईला तेवढाच आनंद. शेवटी घरातलंच तर आहे.”

“हो का? मग तुझ्या ऑफिसच्या दारावरची तुझी पाटी काढ आणि तिथेही आईंचीच लाव.”

नवरा फोन काढून त्यात बघू लागला. तेवढं त्याला उत्तम जमायचं.

थोरली तडक दिरापुढे जाऊन उभी राहिली. “हे सूप कुणाचं?”

“वहिनी, समजून घे ना. ‘आईच्या हातचं’ म्हटलं की लोकांना बरं वाटतं. ‘वहिनीच्या हातचं’ असं कुणी म्हणतं का?”

“म्हणत नसतील तर आजपासून म्हणतील. सांग सगळ्यांना. नाहीतर मी सांगते, आणि मी कशी सांगेन ते तुला चांगलं ठाऊक आहे.”

ठाऊक होतंच. दीर खुर्चीवर चढला. “एक छोटीशी चूक झालीय,” तो कान लाल करून म्हणाला. “हे सूप आमच्या वहिनीचं. सगळं श्रेय तिचं.” टाळ्या पडल्या. सासूबाईंचं हसू मावळलं आणि त्या मांडीवरच्या पर्सची चेन उगाचच उघडू-लावू लागल्या. थोरलीला वाईट वाटलं, पण क्षणभरच.

मग सगळ्यांनी ग्लास तोंडाला लावले.

आधी कडू लागलं, मग आंबट, मग जळका कांदा घशात अडकून बसला. उष्ट्या वाडग्यात कुणीतरी बिअर ओतून विसरून गेल्यासारखी चव होती. कुणी खोकलं, कुणी रुमाल शोधू लागलं, आणि एकेक करून सगळ्यांच्या नजरा थोरलीकडे वळल्या.

“इस्पितळात हेच देता?” एका बाईंनी काळजीने विचारलं. “आजारी माणसांना?”

थोरलीने दिराकडे पाहिलं. “आता मूळ पदार्थच तसा म्हटल्यावर...” असं पुटपुटत तो छताकडे बघू लागला. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण बोलणार काय? आत्ताच तर तिने भर सभेत हक्क सांगितला होता.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांचा ग्लास रिकामा होता.

“हे हिचं सूप नाही,” त्या कडाडल्या. “हिचं सूप मी इतकी वर्षं खातेय. तापात दुसरं काही माझ्या घशाखाली उतरत नाही. तसं सूप करणारी दुसरी बाई मी बघितली नाही, आणि या गाढवाने त्याचं गटाराचं पाणी केलं! माझा फोटो काढ त्यावरून. आणि हिचं नाव लावलंस तर याद राख!”

थोरलीचे डोळे भरून आले, आणि त्याबरोबर तिचा उरलासुरला तोलही गेला.

“मग इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतंत का?” ती सगळ्यांदेखत ओरडली. “एकदा म्हणायचं होतंत! घरी, जेवताना!”

“कशाला म्हणू?” सासूबाईही तितक्याच जोरात म्हणाल्या. “मी पातळ म्हटलं की तू दुसऱ्या दिवशी दाट करायचीस. चांगलं म्हटलं असतं तर तेवढं ऐकणंही बंद झालं असतं. त्या घरात माझं दुसरं ऐकतं कोण?”

यावर काय बोलावं ते थोरलीला सुचेना, आणि त्या दिवशीचा सगळ्यात मोठा राग तिला त्याचाच आला.