पाच अक्षरांची पाटी

ज्या वर्षी साखराबाईची लेक पंचफुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्याच वर्षी लातूर वेगळा जिल्हा झाला. म्हणून ते साल माझ्या पक्कं लक्षात आहे. मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. तुमच्या पाट्या रोज पुसल्या जातात. माझ्यावरचं एक नाव कधीच पुसलं गेलं नाही.

मला खाणीतून काढलं, घासलं, लाकडी चौकट ठोकली. वाटलं होतं, एखाद्या लेकराच्या दप्तरात जाईन. पण त्या साली गेले ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात.

शिकवणारा अण्णाराव शिबिराला जाऊन आला होता. तिथं त्याला सांगितलं होतं की, मोठ्या माणसांना लेकरांसारखी बाराखडी द्यायची नाही. गरजेचं तेवढंच द्यायचं. गरज पटली की मोठं माणूस पुढचं आपणहून शिकतं.

साखराबाई पन्नाशीची विधवा. नवऱ्यामागं विहिरीजवळचं दोन एकर रान तिच्या नावावर आलेलं. ती म्हणाली, "आण्णा, मला समदं वाचाया शिकव."

"आधी सही, मावशी. तुमची गरज तीच हाय."

त्यानं पांढऱ्या ऑइलपेंटनं माझ्या माथ्यावर तिचं नाव लिहिलं. खाली ती पेन्सिलीनं गिरवायची. तिचा दीर शेषेराव रोज कंदील धरून तिला वर्गाला पोचवायचा. "शिका वैनी. अंगठेबहाद्दर म्हणून हसतेत लोकं."

टँकरचा भोंगा वाजला की बाया घागरी घेऊन पळायच्या आणि वर्ग अर्ध्यावर मोडायचा. तरी साखराबाई सही शिकली. पण गोंदण काढावं तशी, अख्खी. एकदा अण्णारावानं 'खरा' एवढंच लिहून विचारलं. तिला ओळखेना.

"मावशी, तुमच्याच नावातलं हाय की!" तो हसला. सगळा वर्ग हसला. तीही हसली.

पुढं शेषेराव म्हणाला, विहीर खोल करायला सरकारी मदत मिळतीय, कागद करावा लागंल. लातूरला कचेरीबाहेर लिंबाखाली गुंडप्पा कागद लिहायला बसायचा. साखराबाईनं मला पिशवीत घालून नेलं. समोर बघितल्याशिवाय तिला सही जमत नसे.

गुंडप्पानं शाईची डबी उघडली. "बाई, आधी कागद वाचून दावतो, मग अंगठा."

साखराबाईनं मला वर काढलं. "अंगठा न्हाई. सही करते म्या."

गुंडप्पानं डबी मिटली. "मंग वाचायचं काय कारण? शिकलेल्या हाव की तुमी."

"आता वैनी कुणाला ऐकतेत व्हय!" शेषेराव म्हणाला.

माझ्याकडं बघत, दातात जीभ धरून तिनं पाचही अक्षरं काढली. आजूबाजूच्या लोकांनी वाहवा केली. माझंही कौतुक झालं. माझ्या आयुष्यातलं तेवढंच कौतुक.

पेरणीला तिच्या रानात शेषेरावाचं औत उतरलं. ती धावत गेली. "भाऊजी, रान माझं हाय."

"होतं, वैनी. तुमीच लिहून दिलंत."

चावडीवर माणसं जमली. साखराबाई म्हणाली, "मला कुणी वाचून दावलं न्हाई."

"वाचून अंगठेबहाद्दराला दावतेत," शेषेराव म्हणाला. तिच्या घरातून मला त्यानंच आणलं होतं. कागदाशेजारी मला ठेवून पंचांनी एकेक अक्षर ताडून पाहिलं. वळणाला वळण जुळलं.

"सही खरी हाय," पंच म्हणाले. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

मला छातीशी धरून ती अण्णारावाकडं गेली. "आण्णा, बाकीची अक्षरं दे."

"वर्ग बंद झाला, मावशी. गाव साक्षर झालं. तुमचंबी नाव लागलंय त्यात."

"तूच म्हणला व्हतास, गरज पटली की माणूस शिकतंय. आता पटली बघ."

अण्णाराव म्हणाला, "आता शिकून काय करता?"

त्यानंतर तिनं मला कधी हातात घेतलं नाही. पंचफुलेचं लेकरू शाळेत जायला लागलं, तेव्हा दुकानातून नवी पाटी आली. आजीचं नाव असलेली पाटी कोण नेणार? मी रांजणावरचं झाकण झाले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी मोठं माणूस सही शिकत असेल, तर सही आली म्हणून उठू नका. 'खरा' वाचता येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.

साखराबाई १९८९ सालच्या चैत्रात, टँकरच्या रांगेत वारली.