रबडीचा लच्छा अन् रबरी नळी

डॉक्टर म्हणे, उजवं मनगट वाचवायचं असंल तर पळी सोडा. आता सांगा बाप्पा, अकोल्याच्या जुन्या शहरात खुशालरावची लच्छेदार रबडी म्हणून नाव हाये माहं. पळी सोडून काय कपाळाले हात लावून बसू? सायीचा लच्छा तुटला तर दुकान बंद करीन, पण तसली रबडी इकणार नाई, असं पोरीले ठणकावून सांगतलं.

तरी आधी मीच अक्कल चालवली. वाट्या भरायले कूलरचा कोरा पंप आणून रबडीच्या गंजात सोडला. आतलं पातं गरगर फिरलं अन् लच्छ्याचा पार भुगा झाला.

प्रणाली, माही पोट्टी, पोट धरून हासली अन् मले अमरावतीले पंपाच्या दुकानात घेऊन गेली. मालक पुष्कर बोलायले गोड. त्यानं एक पंप उघडून दाखवला. आत पातंबितं काई नाई. घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली रबरी नळी, मधात चाक, चाकाले रूळ.

"काका, मुलं बर्फाच्या पेप्सीची लांब पिशवी चिमटीत दाबून पुढे सरकवतात ना, तसं," तो म्हणे. "रूळ नळी दाबत पुढे जातो, माल पुढे ढकलला जातो. मागे नळी पुन्हा फुगते आणि नवा माल ओढते. एक रूळ सुटायच्या आधी दुसरा दाबतो, म्हणून काही परत येत नाही. रबडीला फक्त नळीचाच स्पर्श होतो."

घुसळणं नाई, मले पटलं. मंग त्यानं बारीक नळीचा, सहा रुळांचा, भन्नाट पळणारा पंप पुढं केला.

"बारीक नळीत लच्छा अडकंल, अन् जितके रूळ तितकं चेपणं," प्रणाली म्हणे. "जाड नळी द्या, खायच्या मालाले चालणारी. दोनच रूळ, अन् चाल बैलगाडीची."

"धार गचके देत पडेल."

"पडू द्या. वाटी भरायची हाये, अभिषेक नाई करायचा."

घरी आल्यावर गार रबडी पंपानं भरली. मी सकाळी पळीनं भरलेल्या वाट्याही होत्या. प्रणालीनं दोन वाट्या समोर ठेवल्या. "ओळखा, तुमच्या हातची कोणती?"

पयली चाखली, लच्छा अख्खा. दुसरीत खोट काढायचीच होती, काढली.

"हे मशीनची," म्या छातीठोकपणे सांगतलं. "हात लागला नाई, जिभेले समजते. पयली माही."

"बाबा, दोन्ही मशीनच्याच हायेत."

राग यायले पायजे होता. आला नाई. डाव्या हातानं मी तिसरी, रिकामी वाटी उचलली अन् पंपाच्या नळीखाली धरली.