न आलेल्याची जागा

"कोणीतरी एक जण येऊ नका रे बाबांनो," इस्त्रीवाला पुटपुटला आणि त्याने लगेच जीभ चावली.

त्याच्या हातात स्टँडबाय तिकीट होतं. गाडी गच्च भरलेली. राखून ठेवलेल्या जागेवर एखादा आलाच नाही, तर ती जागा याला. म्हणजे कोणाचं तरी बिनसावं म्हणून सकाळपासून देव पाण्यात घालून बसायचं! एरवी कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला हा माणूस आज धावत येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडे वैऱ्यासारखा बघत होता.

थोरल्या भावाचं दुपारी ऑपरेशन होतं. "तू आल्याशिवाय मी आत जायचा नाही," असं दादाने फोनवर निक्षून सांगितलं होतं. डॉक्टर काही थांबणार नव्हते, आणि दादाचा हट्ट आजवर कोणी मोडला होता?

"मॅडम, काही होतंय का?" त्याने दाराशी उभ्या तपासनीस बाईंना पुन्हा विचारलं.

"काका, जागा काय मी खिशात घेऊन फिरते? थांबा जरा."

शिट्टी झाली. तेवढ्यात बाईंनी हात केला. "चला, पळा! सतरा नंबर. आलं नाही कोणी."

धापा टाकत तो सतरा नंबरपाशी पोचला. खिडकीशी एक आजी बसल्या होत्या. शेजारच्या रिकाम्या जागेवर, खुंटीला पुरुषाचा कोट टांगलेला. बाहीवरची इस्त्रीची घडी जशीच्या तशी होती. अंगात घालून आणलेला कोट असा नसतो, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"मावशी, मला ही जागा दिलीय. कोणी आहे का इथे?"

आजींनी कोटाकडे हात नेला, तो तिथेच राहिला. "आमच्या ह्यांची जागा. मुलीकडे जायची तिकिटं त्यांनीच काढलेली. आणि मागच्या महिन्यात अचानक वारले. मी त्यांचं रद्द करायला गेले होते हो, पण तिकीट खिडकीवरच्याने कारण विचारलं आणि तोंडातून शब्दच फुटेना. आले तशीच परत."

इस्त्रीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने येऊ नये म्हणून सकाळपासून धावा चालला होता, तो माणूस हा होता.

"मी दाराशी उभा राहतो, मावशी."

"कुठे निघालात एवढे घाईने?"

"थोरल्या भावाकडे. ऑपरेशन आहे दुपारी."

आजींनी कोट काढून मांडीवर घेतला. "मग बसा. आणि नीट टेकून बसा. अवघडून बसलेलं माणूस ह्यांना बघवायचं नाही."

गाडीने वेग घेतला तेव्हा फोन वाजला.

"निघालास का रे?" दादाचा आवाज कापत होता. एवढा मोठा दादा, पण घाबरला होता.

"निघालो. बसायला जागापण मिळाली. पोचतो वेळेत, तू काळजी करू नकोस."

"भरलेल्या गाडीत? कोणी दिली?"

इस्त्रीवाल्याने शेजारी पाहिलं. बाहीची घडी मोडू न देता आजी कोट सारखा करत होत्या.

"एका गृहस्थांनी," तो म्हणाला.