दोन पोती कचरा

“बाई, मावळे शू कुठे करायचे?”

चौथी ‘ब’ची अख्खी रांग तोंडावर हात दाबून उभी राहिली. बसमध्ये कृतिकाने पैज लावलेली, विचारून दाखव, येताना खिडकी तुझी. अंतराने विचारलं. रुपालीबाईंचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं, पण किल्ल्यावरचे पहारेकरी कुंडलिककाका मात्र खूश. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कामाचं विचारलं म्हणाले आणि पोरांना बुरुजामागे घेऊन गेले.

तटाच्या जाडीत एक अरुंद खोबण होती. तळाला दगडी उतार, थेट भिंतीबाहेर. हाच मावळ्यांचा संडास. पूर्वी इथे वास यायचा नाही, माशी बसायची नाही, असं काका सांगत होते. अंतराने आत डोकं घातलं आणि तसंच मागे घेतलं. गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, फुगलेला एक डायपर, त्यावर पिवळं पाणी. भिंतीवर लाल पिचकाऱ्या, काही अजून ओल्या.

“आता यात कोण जातं?” कृतिकाने नाक धरून विचारलं.

“यात टाकतात,” काका म्हणाले, “आणि करतात बाहेर, जिथे उभे राहतील तिथे.”

ही सहल होती गडस्वच्छतेची. जो सगळ्यांत छान काम करेल त्याला ‘गडमित्र’ बिल्ला आणि सोमवारच्या परिपाठात भाषण. बिल्ल्यासाठी अंतरा आठवडाभर झोपेतसुद्धा झाडत होती. घरून आईचे रबरी हातमोजे आणलेले. ते चढवून ती श्वास धरून पुढे सरसावली, तर बाईंनी दप्तराला धरून मागे ओढलं. आजारी पडलीस तर तुझी आई मला धरेल, असं म्हणत त्यांनी वर्ग दरवाजासमोरच्या हिरवळीवर नेला. तिथे कचरा नव्हताच. मग बाईंनी खाऊ संपवायला सांगितला आणि रिकामी पाकिटं गवतावर टाकायला.

पोरं क्षणभर थबकली. जन्मभर याच्या उलटंच ऐकलेलं. मग सगळ्यांनी हौसेने टाकली.

कोरे झाडू वाटले, किमतीची चिकटपट्टी अजून तशीच. हातमोज्यांमुळे अंतरा सगळ्यांत पुढे. हातात तिनेच आत्ता चाटून संपवलेलं केळा वेफर्सचं पाकीट. फटाफट फोटो निघाले, बाईंनी ‘गडमित्र’ बिल्ला अंतराच्या फ्रॉकला लावला, पोरं बसमध्ये कोंबली गेली. कबूल केल्याप्रमाणे खिडकी मिळाली, आणि खिडकीतूनच तिला दिसलं, खाडीचा वारा एकेक पाकीट लोटत बुरुजाकडे नेतोय. कुंडलिककाका वाकून वेचत होते.

संध्याकाळी वर्तकनगरात घरी बिल्ल्याचं कौतुक. पप्पांनी फोटो स्टेटसला ठेवला, डोंबिवलीच्या आत्याने सहा अंगठे पाठवले. बाईंनी पाठ करायला दिलेला भाषणाचा कागद आईने पुढे धरला.

“‘आम्ही दोन पोती कचरा गोळा केला,’” अंतराने वाचलं, आणि बुरुजामागचा तो वास तिच्या तोंडात भरून आला. अगदी जिभेवर. तिने फ्रॉकचा बिल्ला काढला आणि पप्पांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

“सोमवारी मी हे म्हणणार नाही,” ती म्हणाली. “कचरा आम्हीच केला आणि तिथेच टाकून आलो, असं सांगणार. माईकवर. आणि हा बिल्ला बाईंना परत देणार.”