दोन बोटांचे अंतर

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. दोरीला लोंबकळून भिंत सरळ की कललेली ते सांगायचे, एवढेच माझे काम. माझ्या गवंड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी त्याच्या वडिलांनी मला त्याच्या हाती दिले.

अकरा वर्षे आम्ही एका बांधकाम कंपनीत काढली. तिथले साहेब नव्या लोकांना म्हणत, "भिंत अशी हवी, ओळंब्यात!" ते ऐकून मी फुगून जाई.

मग गवंड्याने नोकरी सोडली. स्वतःच कामे घ्यायचे त्याने ठरवले.

"पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही," तो बायकोला म्हणाला.

"खरं आहे. पण अहो, बुडणारेही पाण्यातच बुडतात."

तो हसला. पण मला उचलणारा त्याचा हात थंडगार होता.

तीन आठवडे कामाचा एकही फोन आला नाही. अखेर शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी गच्चीवर खोली बांधायला सांगितली. चार दिवसांत दुसरे कामही आले. हातचे जाईल या धास्तीने तो दोन्हीकडे धावू लागला आणि घाईत मला पिशवीतून काढेनासा झाला.

"नजर बसलीय माझी," तो पुटपुटे.

पिशवीच्या तळाशी पडून मी विटेवर वीट चढताना ऐकत होतो. माझा जीव खालीवर होत होता. काकूंची म्हातारी आई रोज त्याच भिंतीच्या सावलीत बटणे लावत बसे.

सहाव्या दिवशी त्याने मला भिंतीवरून सोडले. मी भिंतीला टेकलोच नाही. दोन बोटे दूर लोंबकळत राहिलो.

नोकरीत असता तर त्याने साहेबांना हाक मारली असती. आता साहेबही तोच होता. गिलाव्याखाली सारे झाकता आले असते. मला हातात धरून तो भिंतीच्या सावलीत बसलेल्या म्हातारीकडे बघत राहिला.

"आजी, तिथून उठता का जरा?" तो एकदम म्हणाला. मग त्याने खाली जाऊन काकूंना सांगितले, "भिंत कललीय. पाडतो. चूक माझी आहे."

"पाडता? अहो, काम येतं तरी का तुम्हाला?"

"येतं, काकू. घाबरलो होतो."

दुपारी त्याची बायको आली. पदर खोचून ती पाडलेल्या भिंतीच्या विटांना चिकटलेला सिमेंटचा माल खरवडू लागली.

"आणि ते दुसरं काम?" तिने विचारले.

"त्यांना थांबा म्हटलं मी. त्यांनी दुसरा गवंडी बघितला."

तिने पुढची वीट उचलली.

भिंत पुन्हा उभी राहिली. या वेळी प्रत्येक थराला त्याने मला सोडले. काकूंनी शाबासकी दिली नाही, फक्त शिवणाचे मशीन वरच्या खोलीत नेऊन ठेवले. पुढचे काम अजून आलेले नाही. त्याला भीती वाटते आणि मलाही.

मित्रांनो, माझी दोरी कोरडी ठेवा, अंगावरचा माल पुसा. आणि ज्या दिवशी फार घाबराल, त्या दिवशी पिशवीतून सगळ्यांत आधी मला काढा.