देवी नाही, संचिता

माझ्या अंगात देवी आली नव्हती. हे मी सगळ्यांना सांगत होते. पण जिचा हात ताटावरून आपोआप उडतो, तोंड वेडंवाकडं होतं आणि मध्येच जीभ बाहेर येते, त्या पोरीचं कोण ऐकणार?

आधी शाळेत बाईंनी अक्षर बिघडलं म्हणून झापलं. मग दुधाचा पेला सांडला म्हणून आईने. त्यानंतर आरतीच्या वेळी माझ्या हातातलं निरांजनाचं ताट उडालं आणि आमची आजी, गंगुबाई, सरळ माझ्या पाया पडली. झालं! ठाकुर्लीच्या आमच्या चाळीत दर मंगळवारी बायका यायला लागल्या. माझा मळवट भरायच्या, ओटी भरायच्या आणि विचारायच्या, "आई, पोराचं लग्न कधी जमेल?" मी सातवीत. मला काय माहीत? तसं म्हटलं की आजी म्हणायची, "आई रागावलीय." इतका संताप यायचा मला! संताप आला की हात जास्त उडायचे, आणि हात उडाले की बायका आणखी वाकायच्या.

शेवटी एकदा जिना चढताना मला धाप लागली, तेव्हा आई कुणालाही न विचारता मला ठाण्याच्या हॉस्पिटलात घेऊन आली. डॉक्टर क्षिप्रांनी माझी छाती तपासली आणि आईला विचारलं, "झोपेत हे हात थांबतात का? मध्यंतरी घसा दुखून सांधे सुजलेले का?"

दोन्हीला हो. गुडघे सुजले तेव्हा आजीने तेल चोळलं होतं. सूज उतरली आणि आम्ही विसरून गेलो. तो संधिवाताचा ताप होता म्हणे. सांधे सोडून गेला, पण जाताना हृदयाची झडप खराब करून गेला. हात उडतात तेही त्याचंच. हात काही महिन्यांत थांबतील, डॉक्टर म्हणाल्या, पण दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागेल, कित्येक वर्षं. नाहीतर ताप परत येईल आणि झडप आणखी खराब करील.

मला तिथेच दाखल करून घेतलं. शेजारच्या खाटेवर वर्तकनगरचा ऋतुराज होता, त्यालाही हाच आजार. बरं वाटतंय म्हणून त्याने इंजेक्शनं सोडलेली. आता तो उशांना टेकून बसूनच झोपायचा आणि ऑपरेशनची वाट बघत होता. "तू सोडू नकोस हां," तो म्हणाला. तेवढं बोलूनच त्याला दम लागला.

दुसऱ्या दिवशी पप्पा आले. सोबत आजी, हातात हिरवी साडी आणि नारळ.

"उत्तम, उचल पोरीला," आजी पप्पांना म्हणाली. "देवीच्या अंगाला सुई लावायची नसते, कोप होतो. उद्या मंगळवार आहे."

डॉक्टर इंजेक्शन घेऊन थांबल्या होत्या. "आई हो म्हणाल्यात, आता तुम्हीही हो म्हणायला हवं," त्या पप्पांना म्हणाल्या. पप्पांनी आजीकडे बघितलं. आजीचा शब्द त्यांनी कधी मोडलेला नाही.

आई माझ्या कानाशी वाकली. "संचू, देवी होऊन सांग ना. मला सुई हवी म्हण. आजी लगेच ऐकतील."

खरंच ऐकलं असतं. हात उडतच होते, नुसता आवाज जाड करायचा होता. पण मग पुढचं इंजेक्शनही देवीनेच मागायचं, त्याच्या पुढचंही. मी कधी बोलायचं?

"मी संचिता बोलतेय," मी म्हणाले. सगळा वॉर्ड बघायला लागला. "देवीबिवी कोणी नाही. माझं हृदय बिघडलंय, आजी, आणि मला मरायचं नाहीये. पप्पा, तुम्ही आजीचं ऐकता, देवीचं ऐकता, एकदा माझं ऐका. मी ही खाट सोडणार नाही. उचलून दाखवा!"

मी खाटेची दांडी धरली. हात उडाला, सुटला. परत धरली. परत सुटला. परत धरली.

पप्पा पुढे आले. मला वाटलं, आता उचलतात. त्यांनी माझा हात दांडीवर ठेवला आणि वरून स्वतःच्या हाताने घट्ट दाबून धरला.

"द्या, डॉक्टर," ते म्हणाले.

ते इंजेक्शन कमरेखाली देतात आणि जाम दुखतं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! अख्खं हॉस्पिटल ऐकेल एवढी मी किंचाळले. डोळे उघडले तर आजीने साडी-नारळ खाली ठेवून दोन्ही हात जोडलेले.

"हात खाली कर, आजी!" मी म्हणाले. "दुखतंय म्हणून ओरडतेय."