नाकसाहेबांची व्हिस्की

चहाच्या कंपनीत त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. एकतीस वर्षं ते चहा चाखायचं काम करत होते. रोज सकाळी लांबलचक टेबलावर दीडशे पांढऱ्या वाट्या मांडल्या जात आणि नाकसाहेब चमच्याने एकेक घोट सुर्रकन ओढून, तोंडात घोळवून, थुंकून पुढे सरकत. "पान जास्त भाजलंय." "गोदामात ओल लागलीय." "हा चांगला, पण उगाच भाव खातोय." त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

साठी जवळ आली असताना त्यांना साधा ताप आला. पाच दिवसांनी उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. दाढीच्या साबणाला वास नाही, हे आधी त्यांच्या लक्षात आलं. मग ऑफिसात वाटीवर वाकले, तर समोर नुसतं गरम पाणी असल्यासारखं. सर्दी असेल, जाईल, असं म्हणत तीन आठवडे गेले. मग ते म्हणणंही थांबलं.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. पोहणाऱ्याने पाण्याची भीती वाटते म्हणून कुणाला सांगावं? ऑफिसात ते चहाच्या रंगावरून, जिभेला लागणाऱ्या तुरटपणावरून आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या चेहऱ्यावरून वेळ मारून नेऊ लागले. घरात तर आणखी सोपं होतं. जेवताना "छान झालंय" म्हटलं की काम भागायचं.

त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला जावयाने बेत आखला. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस अबोल, पण व्हिस्कीचा विषय निघाला की थांबवावं लागे. पिणं म्हणाल तर आठवड्यातून एक पेग. बाकी नुसतं हुंगणं, चाखणं आणि वहीत लिहिणं. त्याने आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "बाबा, रविवारी दुपारी चार प्रकार आणतो. बाटल्या माझ्या, नाक तुमचं. बघू कोणती कोणती ते ओळखता का."

नाकसाहेबांनी सहज विचारल्यासारखं करून चारही प्रकार विचारून घेतले आणि दोन दिवस अभ्यास केला. कुठली फिकी, कुठली गडद, कुणाला धुराचा वास येतो, कुणाला मनुकांचा. शाळेत असतानाही त्यांनी एवढं पाठांतर केलं नव्हतं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला गेला. तोंडाशी निमुळते होत गेलेले पाच छोटे ग्लास, प्रत्येकावर झाकण म्हणून बशी.

"चार प्रकार म्हणाला होतात ना?" त्यांनी विचारलं.

"पाचवा गंमत म्हणून," जावई म्हणाला. लेक उगाचच खिडकीबाहेर बघू लागली. नाकसाहेबांच्या सौभाग्यवती जरा लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. व्हिस्कीच्या वासानेच डोकं धरतं, असं त्यांनी लग्न झाल्यापासून जाहीर करून ठेवलं होतं.

"आधी कुणीही प्यायचं नाही," जावयाने बजावलं. "नुसतं हुंगायचं. तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे नाकाला झोंबणार नाही."

पहिला ग्लास सर्वांत फिका होता. नाकसाहेबांनी बशी बाजूला केली, डोळे मिटले, सवयीने मान कलती केली. नाकात नुसती हुळहुळ झाली. "ही धुराची," ते म्हणाले. "दलदलीतली माती वाळवून, तिच्या धुरावर धान्य सुकवतात ती."

"पहिल्याच फटक्यात!" लेकीने टाळी वाजवली.

दुसऱ्याला त्यांनी राय, म्हणजे राय धान्याची, म्हटलं आणि नशिबाने तेही बरोबर निघालं. आता अंगात जरा हुशारी आली. तिसरा ग्लास गडद तपकिरी होता. त्यावर ते अंमळ जास्तच वेळ थांबले.

"ही शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. मनुका... अक्रोड... जुनं लाकूड. बारा वर्षं तरी पडून आहे ही."

लेक इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "बाबा, तो गार झालेला चहा आहे! तुमच्याच कंपनीचा!"

जावईही हसला. क्षणभराने नाकसाहेबही हसले. "मला काय कळत नाही होय? तुमची गंमत तुमच्यावरच उलटवली."

दाराजवळच्या खुर्चीत मात्र कुणी हसलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने देवाची थट्टा केली असेल, सासऱ्यांची तर हमखास केली होती. पण चहाची कधी केली नव्हती.

"अहो, जरा आत या," त्या उठत म्हणाल्या. "वरचा डबा काढून द्या."

स्वयंपाकघरात त्यांनी डब्याचं नावही काढलं नाही. "डोळे मिटा," म्हणाल्या. त्यांनी व्हिनेगरची बाटली उघडून नवऱ्याच्या नाकाखाली धरली. "कशाचा वास आहे?"

नाकसाहेबांच्या नाकात काहीतरी टोचत होतं, पण त्याला नाव नव्हतं.

"किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"दोन महिने! आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? एकतीस वर्षं एवढ्या एका गोष्टीवर जगलो. ती गेली म्हटल्यावर माझ्यात शिल्लक काय राहिलं, तेच मला कळत नव्हतं."

सौभाग्यवतींनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं. "म्हणजे दोन महिने माझ्या हातचं जेवून 'छान झालंय' म्हणत होतात, ते..."

"छानच असणार," ते घाईने म्हणाले, "आजवरच्या अनुभवावरून."

सौभाग्यवतींना हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, "चला बाहेर. तुम्ही सांगता की मी सांगू?"

नाकसाहेबांनीच सांगितलं. उभ्यानेच, टेबलाकडे बघत. लेक उठून त्यांच्या गळ्यात पडली. आपणच चहा ओतला होता, याचं तिला भयंकर वाईट वाटत होतं. जावयाने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिला.

"बाबा, माझ्या दुकानातही अशी माणसं येतात," तो शेवटी म्हणाला. "अक्षरं दिसत नसतात, म्हणून भिंतीवरचा तक्ता पाठ करून येतात. मी त्यांना रागवत नाही. फक्त तक्ता बदलतो."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात साहेबांसमोर उभे राहिले. आपल्याला आता चाखण्याच्या टेबलावर बसवू नका, म्हणाले. शेजारचा सहकारी मान खाली घालून ऐकत होता. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "गेल्या महिन्यात ओल लागलेली एक खेप तुम्ही पास केलीत. मी पुन्हा चाखून बाजूला काढली."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला मी काय बोलणार, साहेब? मला शिकवलं कुणी?"

नाकसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच दिवशी आपला चमचा त्याच्याकडे दिला. कंपनीने त्यांना पान बघायच्या कामावर ठेवलं. कोरडं पान बोटांनी चुरून त्याची प्रत सांगायला नाक लागत नव्हतं.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. म्हणाल्या, नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. ठरावीक चार-पाच वास रोज घ्यायचे, आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. येईलच असं नाही, पण येऊ शकतो. हे ऐकून जावयाने चारही बाटल्या सासऱ्यांच्या कपाटात आणून ठेवल्या. "यांचे वास एकमेकांपासून लांब आहेत. पण समोर बसून कुणीतरी वर्णन करायला हवं. आई, ते तुम्ही करा."

"मी? मी हात लावायची नाही त्याला!"

"हात कशाला? नाक लावा."

पहिल्या दिवशी सौभाग्यवतींनी नाकाला रुमाल लावूनच ग्लास जवळ ओढला. मग रुमाल थोडा खाली आला. मग पूर्ण.

"ही धुराची ना? दवाखान्यात कुणाची तरी जखम बांधलीय आणि बाहेर ओली लाकडं पेटवलीत." मग मक्याची, आतून जाळलेल्या नव्या पिंपातली बर्बन. "नवीन कपाट आणलंय आणि कुणीतरी आत केक ठेवून विसरलंय." शेरीच्या पिंपातली: "मनुकांचा डबा. आणि डब्याखाली घातलेला जुना कागद." रायवर त्या अडखळल्या. "मिरी आहे. आणि... आपली लेक लहानपणी रागावली की कशी नाक फेंदारायची, तशी आहे ही."

नाकसाहेब सगळं वहीत लिहून घेत. एकतीस वर्षांत त्यांनी अनेकांना चाखायला शिकवलं होतं, पण असं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं. "अगं, तू माझ्या टेबलावर बसायला हवी होतीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

पाचव्या आठवड्यात सौभाग्यवतींनी शेरीवाली जिभेच्या टोकाला लावली. डोळे मोठे झाले. "लबाड आहे मेली. आधी गोड बोलते, मग कानाखाली देते." त्यानंतर दर रविवारी चमचाभर पाणी घालून दोन घोट, हा त्यांचा नेम झाला. शेजारणीने विचारलं तर त्या बेधडक सांगत, "यांचा उपचार चाललाय."

अकरावा रविवार होता. चार वाजले होते, पडद्यातून ऊन टेबलावर आलं होतं. नाकसाहेबांनी पहिल्या ग्लासावरची बशी काढली आणि हात तसाच राहिला.

"काहीतरी जळतंय," ते म्हणाले.

त्या उठून धावतच स्वयंपाकघरात गेल्या. तिथूनच ओरडल्या, "अहो, गॅसवर काहीच नाही! कुठे काय जळतंय?"

"अगं, इथे! ग्लासात!"

त्या दारात आल्या. नाकसाहेब ग्लास दोन्ही हातांत धरून बसले होते. धूर फार लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा येत होता. पण धूरच होता. त्यांनी पुन्हा वास घेतला, आणि पुन्हा. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

पुढच्या चार महिन्यांत शेरीवाली नाकाला ओळखू आली, मग बर्बन. राय आली नाही, आणि डॉक्टरांनी तिची फार आशा धरू नका असं सांगितलं. चहा आला, पण अर्धामुर्धा; वरचा सूर ऐकू यावा आणि खालचा नाही, तसा. ऑफिसातला चमचा त्यांनी परत मागितला नाही.

परवा लेक आणि जावई आले, तेव्हा आतून मोठमोठ्याने आवाज येत होते. दोघं दारातच थबकली.

"केक नाही हा, अगं! बर्बनमध्ये नुसतं लाकूड आहे. ताजं तासलेलं लाकूड."

"केकच आहे! पहिल्या दिवसापासून सांगतेय. तुमचं नाक बिघडलंय."

"बिघडलेलंच आहे. तरी सांगतो, लाकूड!"

"आई, बाबा, भांडताय काय?" लेकीने घाबरून विचारलं.

"भांडत नाही गं," आई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्या अगदी खुशीत होत्या. "सहा महिने मी म्हणेन ते हे मुकाट लिहून घेत होते. आज पहिल्यांदा नाही म्हणाले. बसा, तुम्हीही घ्या, आणि सांगा केक आहे की नाही ते."